दिसेल तेवढंच काढा

काठ काळाकुट्ट, आकार अगदी गोल आणि आत काहीच नाही, असं दिसलं तर तो हवेचा बुडबुडा. नोकरीच्या काळात हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की शेवटी शेवटी मुलंच माझ्याआधी म्हणून टाकायची. अकरावीची नवी बॅच मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि थोड्याच वेळात कुणीतरी हर्षानं हाक मारायचं, "सर, सापडली पेशी." मी जाऊन बघायचो, तर बुडबुडा. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून दुसरी हाक, तिथेही बुडबुडा. एकदा एका मुलाला मी ते सांगितलं, तर तो हिरमुसून म्हणाला, "पण सर, कसला मस्त गोल आहे. हीच पेशी धरली तर नाही का चालणार?" खरी पेशी इतकी देखणी नसते, हे मुलांना पटायला वेळ लागायचा.

नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवत असे. दहावीनंतर अकरावी-बारावी ही पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, आणि नव्या तुकड्यांसाठी शिक्षक हवे होते, म्हणून माझ्यासारख्याची सोय लागली. माझं गाव सटाण्याजवळ. वडील बाजार समितीत हमाली करत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी प्राथमिक शाळेच्या पुढे गेलेलं नव्हतं. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला घरी गेलो, तेव्हा आईनं विचारलं की तू तिथे नेमकं करतोस काय. मी सांगितलं, पोरांच्या गालाच्या आतून जरासं खरवडायचं, काचेवर घ्यायचं, निळा रंग टाकायचा आणि भिंगातून बघायला लावायचं. आई म्हणाली, "आनि याना पगार देतस तुले?" माझ्या धंद्यावर यापेक्षा नेमका प्रश्न पुढे कुणी विचारला नाही.

पण हे काम दिसतं तितकं सोपं नसतं. प्राण्याची पेशी बघायची तर सगळ्यात जवळचा प्राणी आपण स्वतः, म्हणून गाल. कांद्याच्या पापुद्र्याचं प्रॅक्टिकल आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नसे, निम्मी मुलं कांद्याच्याच घरातली. विटा रचल्यासारख्या त्या पेशी, आंधळ्यालाही दिसतील. गालाचं तसं नाही. आधी खळखळून चूळ भरायची. मग काडेपेटीतल्या काडीच्या बिनगुलाच्या टोकानं गाल आतून हलकेच खरवडायचा. टोकाला जे पांढुरकं लागतं ते काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरायचं, मेथिलीन ब्लूचा एक थेंब, आणि वरून ती नखासारखी पातळ काच एका बाजूनं अलगद सोडायची. घाई केली की बुडबुडे. रंग जास्त झाला की सगळंच निळं. आमच्या मायक्रोस्कोपांना दिवे नव्हते, खाली आरसा होता. तो फिरवून खिडकीतला उजेड आत घ्यायचा, त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलासाठी दर वेळी भांडणं.

हे सगळं साधलं तर काय दिसतं? कडा दुमडलेले, एकमेकांवर पडलेले नागलीचे पापड वाळत घालावेत, तशा फिकट निळ्या चकत्या. प्रत्येकीत एक गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. बस्स, एवढंच. ज्याला ते पहिल्यांदा दिसतं तो आधी पुन्हा एकदा वाकून बघतो. नंतर हळूच विचारतो, "सर, हा मीच का?"

गिऱ्हाइकं मात्र नाना तऱ्हेची. एकानं इतक्या जोरात खरवडलं की काडीला रक्त आलं, आणि पुढचा अर्धा तास तो रक्तपेशी बघत बसला, गालाची पेशी काही बघेना. एकीला डोळा लावला की बारीक काळे केस दिसायचे, त्या तिच्याच पापण्या होत्या. एक मुलगा सकाळी मशेरी लावून यायचा, आणि त्याच्या स्लाइडवर तपकिरी डोंगर उभे राहायचे. आमचा प्रयोगशाळा सेवक हिरामण स्लाइडा धुताना पुटपुटायचा, "डाक्टर व्हायला निघाले, आन् चूळ भरता येत नाय." हायपॉवर लावताना भिंग खाली नेता नेता काचेतून आरपार घालणारे वर्षाला दोघे-तिघे तरी निघायचेच. तो कट्ट असा आवाज मला अजून ऐकू येतो.

आता आकृतीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं.

प्रॅक्टिकलला जर्नल असतं. दिसलेलं त्यात काढायचं, हा नियम. पण रीत अशी होती की आकृती आदल्या दिवशी घरूनच काढून आणायची, पुस्तकातून. वसतिगृहात एक मुलगा तर मिसळीच्या बोलीवर अख्ख्या मजल्याच्या आकृत्या काढून द्यायचा. पुस्तकातली प्राणिपेशी म्हणजे ठळक, गोलसर, एकटी. आत मायटोकॉन्ड्रिया, गॉल्गी बॉडी, बाकीचा सगळा संसार, आणि प्रत्येकाला सरळ रेघ मारून नाव. यातलं केंद्रक सोडलं तर आमच्या मायक्रोस्कोपातून काहीही दिसणं शक्य नव्हतं. त्याला फार मोठी यंत्रं लागतात. पण मुलं समोर निळे पापड बघायची आणि वहीत मायटोकॉन्ड्रिया काढायची, आणि यात काही विसंगत आहे असं कुणालाच वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं. मीही तेच केलं होतं. मराठी शाळेतून आलेला मुलगा, ती इंग्रजी नावं मला धड उच्चारताही येत नव्हती. पदवी मिळाली ती न पाहिलेल्या वस्तूंची सुबक चित्रं काढून.

आणि ती चित्रं सुबक काढायला मला ज्यांनी शिकवलं ते भावसार सर. बी.एस्सी.ला ते आम्हाला होते. "बागुल, पेन्सिलीचं टोक बोटाला टोचलं पाहिजे. नाही टोचलं तर ती पेन्सिल नाही, काठी आहे." परीक्षेच्या दिवसांत त्यांनी मला स्वतःच्या घराची पडवी अभ्यासाला दिली होती. सरांच्या पत्नी रात्रीचं जेवण झाकून ठेवायच्या. या नोकरीची जाहिरातही त्यांनीच दाखवली, आणि मुलाखतीला जाताना स्वतःचा इस्त्रीचा शर्ट दिला. मी आज जो काही आहे तो त्या पडवीतून निघालेला आहे. हे मी विनयानं म्हणत नाही. हिशेबच तसा आहे.

नोकरीत दोनेक वर्षं झाल्यावर मी वर्गात नवा नियम केला. जर्नल घरी न्यायचं नाही. इथेच बसायचं, डोळा लावायचा आणि दिसेल तेवढंच काढायचं. मुलं कुरकुरली. बहुतेकांनी जेमतेम काहीतरी काढलं. मंदा गांगुर्डेनं मात्र तास संपल्यावरही डोळा काढला नव्हता.

मंदा वणीची. वडिलांचं तिथे नारळ आणि ओटीच्या सामानाचं दुकान होतं, देवीच्या गडावर जाणाऱ्यांच्या वाटेवर. ती मामाकडे राहून शिकत होती. बोलायची कमी. तिची आकृती मी हातात घेतली आणि बघतच राहिलो. तीन पेशी, एकमेकींवर चढलेल्या. एकीची कड घडी पडून दुहेरी झालेली. जिथे दोन पेशी एकावर एक होत्या तिथे रंग थोडा गडद. आणि आजूबाजूला बारीक बारीक टिंबं.

"हे ठिपके कसले, मंदा?"

"माहीत नाही सर. पण आहेत."

ते तोंडातले जंतू होते. तोवर एकाही बॅचमध्ये ते कुणी काढले नव्हते. कारण पुस्तकातल्या आकृतीत ते नसतात. मी ती आकृती सगळ्या वर्गाला दाखवली. मागून कुणीतरी म्हणालं, "गांगुर्डे, पापड लाटलेस का?" सगळे हसले, तीही हसली. पण पुढे वर्षभर ती तशीच काढत राहिली. जे दिसेल ते. बेडकाच्या रक्ताची स्लाइड असो नाहीतर झुरळाचा पाय. मला अभिमान वाटायचा. वाटायचं, निदान एक तरी बघायला शिकली.

बारावीच्या वर्षी तिचे वडील एकदा कॉलेजात आले. टोपी मांडीवर ठेवून बसले. "सर, पोरगी हुशार हे, मला दिसतं ना. पण तिच्यामागं अजून दोघं हेत. सरकारी मेडिकल मिळालं तर शिकवतो, माझा शब्द. नाही मिळालं तर डी.एड. करू दे, दोन वर्षांत पायावर उभी राहते. मधलं काही मला झेपायचं नाय."

मी म्हटलं, मिळेल. माझी खात्री होती. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी या तिन्हींचे गुण धरत, प्रॅक्टिकलसकट. थिअरीत ती चांगली होती, आणि प्रॅक्टिकलची तर मला काळजीच नव्हती.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतात. त्या वर्षी आमच्याकडे भावसार सर आले. ते तोवर दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेले होते. यादीत त्यांचं नाव बघून मला केवढा आनंद झाला. स्टँडवर घ्यायला गेलो. पिशवी माझ्या हातात देत ते म्हणाले, "काय रे बागुल, सुटलास की. पोट सुटलं म्हणतोय मी."

परीक्षेत मुलं चिठ्ठी उचलतात, येईल तो प्रयोग करतात. मंदाला गालाच्या पेशीची चिठ्ठी आली. शेजारची मुलगी हेव्यानं म्हणाली, "काय नशीब आहे गं तुझं." तिनं स्लाइड केली. मी जाता जाता बघितली. एकही बुडबुडा नव्हता. मग ती आकृती काढायला बसली.

सर टेबलाटेबलांवरून फिरत तिच्यापाशी आले. मायक्रोस्कोपला डोळा लावून क्षणभर पाहिलं, मान हलवली, आणि कागद उचलला.

"हे काय आहे?"

"गालाच्या पेशी, सर."

"मायटोकॉन्ड्रिया कुठे आहेत?"

"दिसले नाहीत, सर."

"पुस्तकात आहेत का नाहीत?"

"आहेत, सर. यात दिसत नाहीत."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. पण एवढ्या सरळपणाची परीक्षकांना सवय नसते. सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मी दोन टेबलं सोडून उभा होतो, तिथूनच म्हणालो, "सर, या भिंगातून ते दिसणारच नाहीत. तिचं बरोबर आहे."

बॅचमधली सगळी डोकी वर झाली. सरांनी कागद खाली ठेवला आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

नंतर चहाला आम्ही दोघेच होतो. गुण भरायचे होते. मी विषय काढला. सरांनी कप बशीत ठेवला.

"बागुल, मला काय दिसतं नि काय नाही हे तू शिकवू नकोस. मला माहीत आहे ते."

"मग सर, तिला पूर्ण द्या ना."

"कशाच्या जोरावर? बोर्डाच्या सूचनेत लिहिलंय, नावं दिलेली आकृती. भाग दाखवले तर गुण. मी आज इथे आहे, उद्या निफाडला, परवा मनमाडला. प्रत्येक ठिकाणी मला एकच माप लावायचंय. उद्या एखाद्या पोराला काहीच दिसलं नाही, त्यानं चार वेडेवाकडे गोळे काढले आणि म्हणाला, सर, मला असंच दिसलं. त्याला काय सांगू? त्याच्या डोळ्यात शिरून बघू का मी?"

मी म्हटलं, "तिची स्लाइड तुम्ही स्वतः पाहिलीत. तिनं तीच काढली."

"पाहिली. उत्तम होती. स्लाइडचे पूर्ण दिलेत." सरांनी गुणपत्रक पुढे ओढलं. "तिला ती नावं येत होती?"

"सगळी."

"मग लिहायची होती. कुणी अडवलं होतं तिला?"

मी चहा संपवला. सरांनी आकृतीचे निम्मे गुण दिले. मी आणखी एकदा विनवलं, जरा जास्तच आवाज चढवून. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "तुम्ही अंतर्गत परीक्षक आहात, बागुल. तुमचं मत तुम्ही लिहून बोर्डाला कळवू शकता."

इतक्या वर्षांत सर मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले. संध्याकाळी स्टँडवर सोडायला गेलो, तर पिशवी त्यांनी स्वतःच धरली.

मी बोर्डाला कळवलं. काही उत्तर आलं नाही.

निकाल लागला. मंदाला चांगले गुण होते. मेडिकलची यादी लागली तेव्हा मात्र ती प्रवेशाच्या तोंडाशी येऊन राहिली. आकृतीचे ते गुण मिळाले असते तर नाव लागलंच असतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणखी कुठेकुठे गेले असतीलच. पण ज्या अंतरानं ते हुकलं, ते अंतर त्या निम्म्या आकृतीएवढंच होतं, हे मला विसरता येत नाही. मी वणीला गेलो. म्हटलं, आयुर्वेदाचं तरी बघू. वडील दुकानात नारळ सोलत होते. म्हणाले, "सर, डी.एड.ला नाव घातलं तिचं. चहा घ्या." मंदा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, पुढच्या बॅचला पण गालाचं प्रॅक्टिकल आधी घेणार का, की कांद्याचं?" मी म्हटलं, कांद्याचं. ती म्हणाली, "हो, ते सोपं पडतं."

पुढच्या वर्षी मी वर्गात दोन आकृत्या काढायला सांगितल्या. डाव्या पानावर दिसलेली, उजव्या पानावर पुस्तकातली. पहिल्याच दिवशी हात वर झाला. "सर, परीक्षेला कोणती?" मी म्हटलं, उजवी. सहामाहीपर्यंत सगळ्या जर्नलांची डावी पानं कोरी होती. मी रागावलो नाही. काय म्हणून रागावणार?

भावसार सरांकडे मी अधूनमधून जात राहिलो. दार उघडून ते म्हणायचे, "या, बसा." सरांच्या पत्नी मला आत बोलवायच्या, पूर्वीसारखंच वाढायच्या. सर तब्येतीचं विचारायचे, बदल्यांचं बोलायचे, पण 'काय रे' पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मी त्या दिवशी भर बॅचसमोर बोललो याचा त्यांना राग होता, की आपण दिलेल्या गुणांचं त्यांनाही कुठेतरी लागत होतं, हे मला कळलं नाही. विचारायचं म्हणून मी एकदा गेलो होतो, आणि आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलून परत आलो. पुढे ते वारले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरगाण्याला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं, तिथे मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. जीपमधून हाडं खिळखिळी होऊन उतरलो. शाळेच्या पडवीत ओळीनं टेबलं मांडली होती. जलचक्र, ज्वालामुखी, शेणाचा गॅस. एका टेबलावर मायक्रोस्कोप होता, मागे पुठ्ठ्यावर मोठी आकृती, आणि शेजारी एका आश्रमशाळेच्या बाई उभ्या होत्या.

"ओळखलंत का सर? गांगुर्डे. आता चौधरी."

मंदा थोडी जाड झाली होती. चेहऱ्यावर शिक्षकाचा तो कायमचा सावधपणा आला होता, जो आरशात मलाही दिसतो. नवरा त्याच शाळेत होता. दोन मुलं होती. वडील थकले होते, दुकान भाऊ बघत होता. धाकट्या दोघांना तिनंच शिकवलं, हे तिनं सांगितलं नाही, तिच्या सहकारी बाईंनी सांगितलं.

तिच्या वर्गातल्या दोन मुली पाठ केलेलं घडाघडा म्हणू लागल्या. पेशी म्हणजे काय, भाग किती. काठी पुठ्ठ्यावरून फिरत होती. आकृती सुरेख होती. ठळक, गोलसर, एकटी. आत मायटोकॉन्ड्रिया, गॉल्गी बॉडी, प्रत्येकाला सरळ रेघ, एकाही रेघेनं दुसरीला ओलांडलेलं नाही.

बरोबरचे परीक्षक खूश झाले. "वा बाई, पुस्तकाहून छान." माझ्याकडच्या तक्त्यात मांडणीला गुण होते, आकृतीला होते, मुलींच्या सांगण्याला होते. मी आकृतीच्या रकान्यात पूर्ण गुण लिहिले. मंदा ते बघत होती.

"यंदा मिळाले सगळे," ती म्हणाली.

मी तिला हळूच विचारलं, "मंदा, मुली अशीच काढतात?"

"हो सर. मी पहिल्याच दिवशी सांगते त्यांना. भिंगातलं आपल्यासाठी, कागदावरचं तपासणाऱ्यासाठी. दोन्हीची गल्लत करायची नाही." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. आमटीत चिंच कधी घालायची हे सांगावं, तसं तिनं सांगितलं. "इथून एखादी पुढे गेली, तर मधेच अडकायला नको."

मी मान डोलावली. तपासणारा मीच होतो.

बाकीचे परीक्षक पुढच्या टेबलाकडे निघाले. मीही वळलो, तशी ती म्हणाली, "सर, स्लाइड नाही बघितलीत. ती गुणांत धरलेली नाही म्हणून. पण बघून जा ना." तिनं आरसा थोडा फिरवून उजेड नीट केला, एका मुलीला खिडकीसमोरून बाजूला केलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी चष्मा काढला आणि वाकलो. पलीकडून कुणीतरी बागुल सर, बागुल सर म्हणून हाक मारत होतं. मी डोळा काढला नाही.